गुरुपादप्पांची साक्ष

गुरुपादप्पा हुडगे पाच वर्षं आमदार होते, आणि त्याआधी एकतीस वर्षं गुरांचे डॉक्टर. खरं तर डॉक्टर नव्हेत, सरकारी कागदावर त्यांचं पद पशुधन पर्यवेक्षक असं होतं. पण आमच्या तालुक्यात कुणी ते पद उच्चारलं नाही. सगळे त्यांना डॉक्टरअप्पा म्हणायचे. आमदार झाल्यावरही कुणाच्या तोंडी 'आमदारसाहेब' बसलं नाही. विधानभवनाच्या फाटकावर आमच्याकडचा एक शेतकरी पास काढताना 'कुणाला भेटायचंय' या रकान्यापुढे 'डॉक्टरअप्पा' एवढंच लिहून उभा राहिला होता, आणि मला खाली जाऊन त्याला सोडवावं लागलं होतं.

मी त्यांचा स्वीय सहायक. नाव संघपाल सोनकांबळे. त्याआधी तहसील कचेरीसमोर लिंबाखाली टाइपरायटर, पुढे संगणक, घेऊन बसायचो. अप्पांच्या रजेचे अर्ज, बदल्यांचे अर्ज मीच टाइप करायचो. निवडून आल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, "संघपाल, तुला मुंबईचं पाणी सोसंल का?" तेवढीच माझी मुलाखत.

अप्पा मूळचे उदगीरकडचे. घरात कानडी, शाळेत मराठी, बाजारात दखनी, अशा तिन्ही भाषांत वाढलेले. पहिली नोकरी मुरुडला, मग धर्माबाद, आणि शेवटची अठरा वर्षं आमच्या तालुक्यात. घर लिंगायतांचं, गळ्यात चांदीचं लिंग, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा. बाह्या अर्ध्याच, कारण आडवं आलेलं वासरू फिरवायचं तर खांद्यापर्यंत हात घालावा लागतो. हा कपडा त्यांनी विधानसभेतही बदलला नाही.

भागवत टेकाळे त्यांच्या आयुष्यात आला तो अशाच एका गाईपायी. गाय दोन दिवस अडली होती आणि गावातल्या लोकांनी तिची आशा सोडली होती. अप्पा सकाळी गेले ते दिवस कलताना उठले. वासरू मेलेलं निघालं, गाय वाचली. भागवत तेव्हा तिशीतला, उंचापुरा, बोलका माणूस. छोट्या नळकांडी पुलांची कामं घ्यायचा. त्या दिवसापासून लसीकरणाला अप्पा निघाले की बर्फाचा डबा मांडीवर धरून भागवत मोटारसायकलच्या मागच्या सीटवर. दोघांच्या घरचं जाणंयेणं वाढलं. भागवतची बायको साखराबाई संक्रांतीला पहिलं वाण अप्पांच्या बायकोला, दानम्मा काकूंना, द्यायची.

अप्पा निवृत्त झाले त्याच वर्षी निवडणूक आली. तालुक्यातली दोन मोठी घराणी तिकिटावरून इतकी भांडली, की पक्षाला दोघांपैकी कुणालाच दुखवायचं नव्हतं. ज्याच्याशी कुणाचं वैर नाही असा माणूस शोधता शोधता बोट अप्पांवर आलं. अप्पा नको म्हणत होते. भागवत त्यांच्या ओसरीवर बसून राहिला.

"अप्पा, हाव म्हणा. बाकी समदं माझ्यावर सोडा."

"समदं म्हणजे काय रे?"

"गाड्या, मंडप, माणसं. तुमी फक्त हात जोडा."

अप्पा हाव म्हणाले. गावोगाव फिरताना लोक त्यांना गोठ्यात न्यायचे आणि आधी जनावर दाखवायचे. मतं थोडीच जास्त पडली, पण पडली.

पहिली दोन वर्षं ते सभागृहात मागच्या बाकावर गप्प बसून असायचे. बोलले ते लाळ्या-खुरकुताच्या लसीवर. लस मुंबईहून थंड निघते आणि आमच्याकडे पोचेपर्यंत कोमट होते, ती टोचून उपयोग काय, असा साधा प्रश्न. बोलताना त्यांनी दोन्ही हातांनी लसीचा डबा धरल्यासारखं केलं तेव्हा काही सदस्य हसले. पण अकरा दवाखान्यांना शीतपेट्या मिळाल्या. त्या दिवशी आमदार निवासात त्यांनी मला जवळ बसवून जेवायला लावलं आणि म्हणाले, "आपल्याला जमतंय बरं का."

बाकीचा वेळ पत्रांत जायचा. बदलीचं पत्र, दवाखान्याचं पत्र, रस्त्याचं पत्र. लेटरहेडचा गठ्ठा माझ्याकडे असायचा. अप्पा सही करताना पत्र वाचायचे, पण भागवतनं आणलेलं पत्र वाचायचे नाहीत. भागवतच्या मजूर संस्थेला अमुक काम द्यावं, अशी शिफारस मी टाइप करायचो, ते सही करायचे. अशी किती पत्रं गेली, मला सांगता येणार नाही. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मात्र सांगितलं पाहिजे.

चिंचगडगा फाट्यावर एसटी थांबते. गाव आत तीन किलोमीटर. फाट्यावर तेव्हा एका बाभळीखेरीज काही नव्हतं. एका गावभेटीत केवळाबाई नावाची बाई उठून उभी राहिली. ती शेजारच्या गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची आणि रोज त्या फाट्यावरून बस धरायची.

"अप्पा, आमाला काय बी नको. फाट्यावर डोक्यावर सावली द्या. उन्हाळ्यात पाय भाजत्यात."

अप्पांनी तिथल्या तिथे मला लिहून घ्यायला सांगितलं. स्थानिक विकास निधीतून प्रवासी निवारा मंजूर झाला. काम भागवतच्या संस्थेला. चार महिन्यांत खांब, वर स्लॅब, आत सिमेंटचे बाक आणि दर्शनी भागावर अप्पांचं नाव. उद्घाटनाला नारळ अप्पांनी फोडला, हळदकुंकवाचं ताट केवळाबाईच्या हातात होतं. ती एकदा आत जाऊन बाकावर बसली, उठली, आणि हसत म्हणाली, "गार लागतंय."

त्याला एक वर्ष आणि दोन महिने झाले असतील. चैत्रातला दिवस, दुपारी चारचा सुमार. वावटळ उठली, पाठोपाठ गारा. फाट्यावरचे सहा जण निवाऱ्यात शिरले. केवळाबाई शाळेतून परतून नुकतीच बसमधून उतरली होती. गारा दहा मिनिटंही पडल्या नाहीत. त्या थांबता थांबता स्लॅब पुढच्या बाजूनं खाली आला. चौघे जण बाहेर उडी मारून वाचले, एका म्हाताऱ्याचा पाय गेला, आणि केवळाबाई बाकावरच राहिली.

अप्पा आणि मी तेव्हा लातूरला एका बैठकीत होतो. फोन आला आणि अप्पा चपला घालायला विसरून गाडीत बसले. आम्ही पोचलो तेव्हा जेसीबीनं स्लॅब उचललेला होता, तिला नांदेडला शवविच्छेदनाला नेलं होतं. फाट्यावर माणसं उभी होती. अप्पांचं नाव असलेला तुकडा रस्त्याच्या कडेला उताणा पडला होता. कुणीतरी तो पालथा करायला पुढे झालं. अप्पा म्हणाले, "राहू द्या."

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. कारण लिहिलं : वादळी वारा व गारपीट. नैसर्गिक आपत्ती.

तिसऱ्या दिवशी आम्ही केवळाबाईच्या घरी गेलो. नवरा शेषेराव भिंतीला टेकून बसला होता. सालभर दुसऱ्याच्या रानात राबणारा, शब्दाला कमी माणूस. मुलगी तनुजा नांदेडला नर्सिंग शिकत होती, ती आली होती. अप्पा खाली बसले.  मग तनुजा आत गेली आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आली. तिनं ते अप्पांच्या समोर सोडलं. स्लॅबचा तुकडा होता.

"साहेब, दाबून बघा."

अप्पांनी तो उचलला, मुठीत धरून दाबला. तो फुटला. बोटांतून वाळू खाली पडली.

"त्या फाट्यावरचं बाभळीचं झाड बघितलं का तुमी?" तनुजा म्हणाली. "हाय तसं हाय. फांदी सुद्धा मोडली न्हाई. वारं काय फक्त स्लॅबलाच लागलं?"

शेषेराव म्हणाला, "पोरी, गप."

"न्हाई, बोलू द्या तिला," अप्पा म्हणाले. पण ती फडकं झटकून आत गेली.

परतताना अप्पांनी गाडी फाट्यावर थांबवली. ढिगारा तसाच होता. अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात ते गुडघ्यावर बसले आणि हातानं तुकडे बाजूला करू लागले. मी म्हटलं, "अप्पा, हाताला लागेल." त्यांनी ऐकलं नाही. सळई सापडली. करंगळीएवढी. तिच्या शेजारी हात हात अंतरावर दुसरी नव्हती. मला बांधकामातलं कळत नाही, पण त्यांचा चेहरा मी जनावर तपासताना पुष्कळदा पाहिला होता. रोग कळला की तो चेहरा तसा व्हायचा.

तिथून आम्ही सरळ भागवतच्या शेतावर गेलो. तो गोठ्यासमोर बाजेवर बसला होता, तीन दिवसांत दाढी वाढलेली. आम्हाला पाहून उठला नाही.

"भागवत, स्लॅबमध्ये काय घातलंस?"

"जे समदे घालत्यात तेच घातलं, अप्पा."

"केवळाबाई मेली रे."

"मला म्हाईत न्हाई का? मी जेवलो न्हाई तवापासून."  मग तो एकदम उठला. "तुमी मला काय इचारून राहिले? तुमच्या निवडणुकीत तीस गाड्या फिरल्या. मंडप पडले, माणसं जेवली. दर वाढदिवसाला तालुकाभर बोर्ड लागले. कधी इचारलं, भागवत, हे कुठनं आणतूस? एकदा तरी इचारलं?"

अप्पांनी गोठ्याच्या खांबाला हात टेकला.

"मी बी सांगितलं न्हाई. तुमाला तरास नगं म्हणून. कामातनंच भागवायचो. एवढ्यात न्हाई भागलं, की तेवढ्यात भागवायचं. पडंल असं वाटलं न्हाई, अप्पा. देवाशपथ न्हाई वाटलं."

साखराबाई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. गाडीत बसल्यावर ते मला म्हणाले, "संघपाल, तो खरं बोलला." एवढंच.

पुढचे दोन महिने त्यांना वेगवेगळ्या माणसांनी एकच गोष्ट समजावली. पक्षाचे जिल्ह्यातले एक वजनदार नेते घरी आले. त्यांचं म्हणणं अगदी बिनतोड होतं. पंचनाम्यात आपत्ती लिहिली आहे, म्हणजे त्या घराला सरकारी मदत महिन्याभरात मिळेल. तुम्ही चौकशी मागितलीत तर आपत्ती राहत नाही, गुन्हा होतो, आणि मदत अडकते. गरिबाच्या तोंडचा घास काढून तुम्ही कुणाचं भलं करणार? भागवत जाईल, तुम्ही जाल, आणि बाई काही परत येणार नाही.

 अप्पांची झोप गेली, जेवण तुटलं. दानम्मा काकू मला म्हणाल्या, "काय चाललंय यांच्या मनात? घरात असून घरात न्हाईत." एकदा त्यांनी अप्पांना माझ्यासमोरच सांगितलं, "भागवतनं आपल्या दारात पंधरा वर्सं काढली. त्याच्या लेकीचं लग्न हाय मार्गेसरात. जरा इचार करा." अप्पा म्हणाले, "त्याचाच तर करून राहिलो."

शेवटी ते पुन्हा चिंचगडग्याला गेले. यावेळी त्यांनी शेषेरावसमोर सगळं मांडलं. मदतीचं काय होईल, गुन्ह्याचं काय होईल, किती वर्षं लागतील. गुरांचा आजार मालकाला समजावून सांगायचे तसं, हळू, काही न लपवता. वारसांचा जबाब अजून व्हायचा होता.

शेषेराव म्हणाला, "ती गेली. आता कागदावर काय बी लिव्हा. मला कचेरीच्या पायऱ्या चढायच्या न्हाईत."

तनुजा चुलीपाशी बसली होती. ती तिथूनच बापाला म्हणाली, "दादा, तुमी घ्या मदत. मी अडवत न्हाई. पण वाऱ्यानं मेली म्हणून माझी सही घेऊ नका. माझी आई वाऱ्यानं मेली न्हाई."

 अखेर शेषेराव म्हणाला, "पोरगी म्हणती तसं होऊ द्या."

पावसाळी अधिवेशन मुंबईत होतं. अप्पांनी मला लक्षवेधी सूचना टाइप करायला सांगितली. मी मसुदा केला : मतदारसंघातील प्रवासी निवाऱ्याच्या निकृष्ट कामाबाबत. अप्पांनी वाचला आणि म्हणाले, "माझं नाव कुठंय यात?" मी म्हटलं, सूचना देणाऱ्याचं नाव वर असतंच. ते म्हणाले, "वर न्हाई, आत. शिफारस कुणी केली ते लिही."

मी लिहिलं.  ते शिफारसपत्रही मीच टाइप केलं होतं.

सूचना चर्चेला येणार त्या सकाळी पक्षाचे प्रतोद दोनदा येऊन गेले. सत्तेतल्या पक्षाच्या सदस्यानं स्वतःच्याच सरकारला अडचणीत आणायचं नसतं, एवढंच त्यांचं म्हणणं. शेवटी ते वैतागून म्हणाले, "अप्पा, पुढच्या वेळी तिकिटाचं काय सांगायचं मग?" अप्पा त्यांना म्हणाले, "मी पेन्शनीत निघालेला माणूस हाय, साहेब. मला दुसऱ्यांदा काढून काय काढणार?"

मी प्रेक्षकांच्या सज्जात बसलो होतो. अप्पा उठले. कागद हातात होता, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"अध्यक्ष महोदय, चिंचगडगा फाट्यावरचा निवारा माझ्या निधीतून झाला. ज्या मजूर संस्थेनं तो बांधला, तिची शिफारस मी केली. ती चालवणारा माणूस माझा मित्र आहे. त्याच्या गाड्यांवर मी निवडणूक लढलो. त्या गाड्या कुठून आल्या हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. निवाऱ्याखाली केवळाबाई नावाची बाई मेली. तिनंच तो माझ्याकडे मागितला होता. पंचनाम्यात वारा लिहिलाय. वारा होता, मी नाही म्हणत नाही. पण शेजारचं बाभळीचं झाड उभं आहे. याची चौकशी करा, महोदय, आणि ती माझ्यापासून सुरू करा."

ते बसले. विरोधी बाकांवरून नेहमीप्रमाणे आरडाओरडा व्हायला हवा होता, तो झाला नाही. मंत्र्यांनी आधी लिहून आणलेलं उत्तर वाचायला घेतलं, अर्ध्यावर थांबले, आणि चौकशीचे आदेश देतो म्हणाले. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. पुढचा विषय कुठल्यातरी घाटातल्या रस्त्याचा होता.

त्या संध्याकाळी त्यांचं भाषण मोबाइलवर गावोगाव फिरलं. बाहेरच्या लोकांनी वाहवा केली. आमच्या तालुक्यात तसं झालं नाही. बाजारात मला लोक विचारायचे, "मित्राला असं सभागृहात उभं करत्यात का?" काही जण म्हणाले, डॉक्टर हुशार, स्वतःच्या अंगावर घेतल्यासारखं केलं आणि भागवतला पुढे ढकललं. पंधरा दिवसांत भागवतला अटक झाली. काम तपासून सही करणारा शाखा अभियंता निलंबित झाला. भागवतच्या संस्थेनं बांधलेले आणखी तीन निवारे तपासणीत कच्चे निघाले, आणि ते पाडले. त्या तिन्ही फाट्यांवर पुढची दोन वर्षं लोक उन्हात उभे राहायचे. त्यांतले काही अप्पांना शिव्या द्यायचे, आणि अप्पा ते ऐकून घ्यायचे.

भागवत जामिनावर सुटेपर्यंत मार्गशीर्ष आला होता. लेकीचं लग्न मोडलं. साखराबाई एकदा भर बाजारात दानम्मा काकूंच्या समोर आली आणि रस्ता बदलून गेली. काकू घरी येऊन रडल्या. बरेच दिवस त्या अप्पांच्या ताटाशी बसल्या नाहीत.

तिकीट अर्थातच मिळालं नाही. अप्पांनी मागितलंही नव्हतं. नव्या आमदारानं मला ठेवून घ्यायची तयारी दाखवली. मी पुन्हा लिंबाखाली गेलो.

नेत्यानं सांगितलं होतं तसंच मदतीचं झालं. ती अडकली. माजी आमदार झाल्यावर अप्पा त्या एका फाइलीसाठी मंत्रालयात जात राहिले. पूर्वी ज्या दारांतून ते थेट आत जायचे, तिथे आता अभ्यागतांच्या रांगेत बसायचे. मी तीनदा त्यांच्याबरोबर गेलो. एका कक्षाबाहेर चार तास बसल्यावर शिपायानं विचारलं, "बाबा, काम काय?" अप्पांनी नाव, फाइलीचा क्रमांक, तारीख सगळं सांगितलं, आपण कोण ते सांगितलं नाही. अडीच वर्षांनी विशेष बाब म्हणून शेषेरावच्या खात्यावर मदत आली. तोवर तनुजाचं शिक्षण पुरं झालं होतं. तिनं ते कसं पुरं केलं, मला ठाऊक नाही. अप्पांनी एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "तुमी फाइल बघा, साहेब. माझं मी बघते."

खटला नांदेडच्या न्यायालयात उभा राहिला तेव्हा पाच वर्षं होत आली होती. अप्पा सरकारी साक्षीदार. त्यांना मधुमेहानं पोखरलं होतं, एका डोळ्याला कमी दिसायचं. गुरुद्वाराच्या बाजूनं ऑटोत बसून आम्ही न्यायालयात गेलो. 

भागवतच्या वकिलानं उलटतपासणी सुरू केली. वकील तरुण आणि तयारीचा होता.

"शिफारसपत्रावर सही तुमची?"

"माझी."

"पत्र न वाचता सही केली?"

"हो."

"म्हणजे आरोपीकडून निवडणुकीत फायदा घेतला आणि त्याबदल्यात काम दिलं. बरोबर?"

"बदल्यात असं बोललो नव्हतो. पण झालं तसंच."

"मग तुम्हीही तितकेच दोषी आहात, असं म्हणायचं का?"

सरकारी वकील हरकत घ्यायला उठले. अप्पांनी त्यांच्याकडे हात करून थांबवलं आणि न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "ते लिहून घ्यावं, साहेब. मी आहे."

तरुण वकिलाच्या हातातला पुढचा कागद हातातच राहिला. तो म्हणाला, "आणखी प्रश्न नाहीत."

साक्ष संपल्यावर भागवत बाहेर व्हरांड्यात बाकावर येऊन बसला होता. पार वाळला होता. अप्पा जवळ जाऊन उभे राहिले. मी मागे थांबलो, पण ऐकू येत होतं.

भागवत वर न बघता म्हणाला, "अप्पा, तुमी खोटं बोलला न्हाई. तवा बी न्हाई आन आज बी न्हाई. पण सभागृहात बोलायच्या आधी मला एकदा सांगायचं होतं. मी दुसऱ्याच्या मोबाइलवर ऐकलं."

"सांगितलं असतं तर तू पायावर पडला असतास."

"पडलो असतो."

"मग मला बोलता आलं नसतं, भागवत."

भागवतनं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मला कळलं नाही. अप्पा त्याच्या शेजारी बाकावर बसले. दोघं पुकारा होईपर्यंत तसेच बसून होते, समोरच्या अंगणातल्या गर्दीकडे बघत. मग शिपायानं भागवतच्या नावाचा पुकारा केला आणि तो उठून आत गेला.

भागवतला दोन वर्षांची शिक्षा झाली. अपील चालू आहे, तो जामिनावर घरी असतो. अभियंता सुटला. अप्पांवर गुन्हा दाखल करायचा की नाही, याचा विचार कुठल्यातरी कचेरीत झाला असावा. पुढे त्यांना कुणी बोलावलं नाही. "मला विसरले जणू," ते एकदा म्हणाले. त्यात सुटल्याचा आनंद नव्हता.

गेल्या पौषात ते गेले. शेवटचे अकरा दिवस नांदेडच्या दवाखान्यात होते. तनुजा आता तिथेच नोकरीला आहे. तिची पाळी दुसऱ्या वॉर्डात असायची, पण येता-जाता ती यायची, सलाइन तपासायची, आणि दानम्मा काकूंना जेवून घ्यायला लावायची. ती अप्पांशी फार बोलायची नाही. एकदा त्यांनी तिला विचारलं, "पोरी, मी चुकलो का गं, की बरोबर केलं?" तिनं त्यांचा हात उचलून नाडी धरली, घड्याळाकडे बघत मोजली, कागदावर लिहिली, आणि म्हणाली, "दोनी केलं, अप्पा." त्या दिवशी तिनं त्यांना पहिल्यांदा अप्पा म्हटलं.

समाधी त्यांच्या गावी, उदगीरकडच्या त्यांच्या शेतात दिली. बसल्या अवस्थेत, हातात लिंग देऊन, जंगमांच्या सांगण्याप्रमाणे. आमच्या तालुक्यातून दोन ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. भागवत आला नाही. साखराबाई एसटीनं आली. दानम्मा काकूंच्या शेजारी जाऊन बसली, आणि तीन दिवस तिथेच राहिली.

माजी सदस्य गेला की पुढच्या अधिवेशनात शोकप्रस्ताव येतो. विधानमंडळ सचिवालयातून मला फोन आला, माहिती हवी म्हणून. मी दोन पानं लिहून पाठवली. जन्म, शिक्षण, नोकरी, शीतपेट्या. आणि एक परिच्छेद चिंचगडग्याचा.

तो प्रस्ताव मी लिंबाखाली बसून मोबाइलवर पाहिला. त्या दिवशी पाच दिवंगत सदस्य होते, अप्पा चौथे. पशुसंवर्धन क्षेत्रातलं त्यांचं योगदान मोलाचं होतं, असं वाचलं गेलं. शीतपेट्यांचा उल्लेख होता. चिंचगडग्याचा नव्हता. सभागृह दोन मिनिटं उभं राहिलं.

संध्याकाळी दानम्मा काकूंचा फोन आला. "संघपाल, आज मुंबईत अप्पांचं नाव घेतलं म्हणं. काय म्हणले?"

मी म्हटलं, "चांगलं म्हणले, काकू."

"फाट्याचं बोलले का?"

 त्यांनी थोडी वाट पाहिली, मग म्हणाल्या, "तू लिव्हून ठेव."